विनोबांनी निवडलेली भजने

वर्ध्याहून नागपूरकडे निघाले की सुमारे आठ किलोमीटरवर धाम नदी आडवी येते आणि पूल ओलांडताच उंचावर पवनारचा आश्रम दिसतो. भूदानाचे प्रणेते म्हणून जगाला माहीत असलेले आचार्य विनोबा भावे १९३८ च्या मार्च महिन्यात येथे राहावयास आले, ते प्रकृती पार खालावल्यामुळे. विश्रांतीसाठी आलेल्या या माणसाने हातात कुदळ घेतली आणि रोज थोडी थोडी जमीन खणावयास प्रारंभ केला. या खोदकामात जुन्या मूर्ती आणि शिल्पे हाती लागत गेली. त्यांतील एका शिळेवर भरत आणि राम यांच्या भेटीचा प्रसंग कोरलेला होता. सहा वर्षांपूर्वी धुळ्याच्या तुरुंगात गीतेच्या बाराव्या अध्यायावर बोलताना विनोबांनी सगुण आणि निर्गुण भक्तीचा भेद समजावून देण्यासाठी लक्ष्मण आणि भरत या दोघा भावांचाच दाखला घेतला होता. मनात वागविलेली मूर्तीच मातीतून वर आली, अशी त्यांची भावना झाली. ती शिळा त्यांनी भक्तिभावाने स्थापन केली.

पवनार म्हणजेच वाकाटकांची राजधानी प्रवरपूर, असे मत महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी मांडले. ज्या द्वितीय प्रवरसेनाशी या नगरीचे नाव जोडले जाते, त्याच्या नावावर ‘सेतुबंध’ हे रामकथेवरील महाराष्ट्री प्राकृतातले काव्य आहे. मराठीच्या पूर्वज भाषेत जेथे दीड हजार वर्षांपूर्वी रामकथा गाइली गेली असावी, त्याच टेकाडावर ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ आणि तुकाराम यांच्या वाणीत बुडालेला एक माणूस येऊन राहिला. विनोबांचे चरित्र सामान्यतः जमिनीच्या एकरांनी मोजले जाते. परंतु त्यांच्या आयुष्याला आणखी एक माप आहे, ते म्हणजे त्यांनी ऐकलेल्या, पाठ केलेल्या आणि लोकांसाठी निवडून ठेवलेल्या गीतांचे. वेदांतील ऋचांपासून आसामातील नामघोषापर्यंत पसरलेल्या या आवडीचा धागा धरला, तर भूदानयात्री विनोबाही अधिक नीट समजतात.

विनायक नरहर भावे यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ रोजी आजच्या रायगड जिल्ह्यातील गागोदे या लहानशा गावी झाला. वडील नरहरराव नोकरीनिमित्त बडोद्यास असत. ते विज्ञाननिष्ठ आणि शिस्तीचे गृहस्थ होते. घरातील गाणे होते ते आईचे. रखुमाई फारशा शिकलेल्या नव्हत्या, पण त्यांना मराठी अभंग आणि कानडी भजने मुखोद्गत होती. स्वयंपाक करताना, पाणी भरताना, देवापुढे बसताना त्यांचे गुणगुणणे चालू असे आणि पूजेच्या शेवटी क्षमायाचना करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत असे. विन्या त्या वेळी सारे पाहत असे. पुढे शेकडो ग्रंथ वाचूनही भक्ती म्हणजे काय हे आपण आईच्या डोळ्यांत पाहिले, ही त्यांची आठवण अखेरपर्यंत ताजी राहिली. अर्थ न समजणाऱ्या भाषेतील भजनही हृदयाला भिडते, हा पहिला धडा त्यांना त्या कानडी पदांनी दिला. सतरा-अठरा भाषांचे दार ठोठावणाऱ्या पुढील विनोबांचे मूळ याच स्वयंपाकघरात शोधावे लागते.

नरहररावांची कथाही मोठी मनोवेधक आहे. मुलगे एकामागून एक घर सोडून गेल्यावर, आयुष्याच्या उतारावर त्यांनी संगीताच्या अभ्यासाला वाहून घेतले. एका मुसलमान उस्तादाकडे ते नेमाने शिकत आणि तासन् तास रियाज करीत. जुन्या गायक-वादकांची विद्या त्यांच्याबरोबर नाहीशी होऊ नये म्हणून त्यांनी संगीतविषयक पुस्तकेही छापून काढली. आईकडून भजनातील भाव आणि वडिलांकडून जुने जतन करून ठेवण्याची चिकाटी, असा दुहेरी वारसा विनोबांना मिळाला.

बालपणी त्यांना विशेष ओढ होती ती समर्थ रामदासांची. बुद्ध, शंकराचार्य आणि रामदास या तिघांनीही तरुणपणी घरदार सोडले, ही गोष्ट त्यांच्या मनात घर करून बसली होती. या वयात ते स्वतःही कविता रचीत. एकेका कवितेवर खूप परिश्रम घेत, ती मनासारखी उतरली की चुलीतल्या अग्नीला अर्पण करीत. काशीस गेल्यावर अग्नीची जागा गंगेने घेतली. आपले स्वतःचे काव्य असे जाळून आणि बुडवून टाकणाऱ्या या माणसाने संतांच्या काव्यातील एकही मोलाची ओळ वाया जाऊ नये म्हणून पुढे आयुष्याची कित्येक वर्षे वेचली, यात त्यांच्या स्वभावाची किल्ली आहे.

२५ मार्च १९१६ रोजी इंटरच्या परीक्षेसाठी मुंबईस निघालेले विनोबा वाटेत गाडी बदलून काशीस गेले. तेथून ७ जून १९१६ रोजी ते अहमदाबादेस गांधीजींच्या आश्रमात दाखल झाले. पुढे वर्षभराची रजा घेऊन त्यांनी वाईच्या प्राज्ञपाठशाळेत नारायणशास्त्री मराठे यांच्याकडे शास्त्राध्ययन केले आणि महाराष्ट्रात पायी फिरून गीतेवर प्रवचने दिली. साबरमतीस परतल्यावर काही महिन्यांतच इन्फ्लुएंझाच्या साथीने घाला घातला. बडोद्यास २४ ऑक्टोबर १९१८ रोजी आईने देह ठेवला. अंत्यसंस्कार भटजींच्या हातून न करता आपणच मंत्र म्हणून करावे, असा विनोबांचा आग्रह होता. घरच्यांना तो मानवला नाही. तेव्हा ते स्मशानात गेलेच नाहीत. त्या दिवशी घरी बसून त्यांनी वेदाध्ययनाला आरंभ केला. ज्या कंठातून त्यांनी पहिले भजन ऐकले तो कंठ थांबला आणि त्याच दिवशी त्यांनी या देशातील सर्वांत प्राचीन गीतांचे पुस्तक उघडले. मातृवियोगाचे दुःख त्यांनी कोणापुढे बोलून दाखविले नाही, परंतु पुढची पन्नासहून अधिक वर्षे ते वेद त्यांच्या हातून सुटले नाहीत.

साबरमतीच्या आश्रमात त्या काळी संगीताचे वातावरण होते. विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे यांनी प्रार्थनेला सूर दिले आणि ‘आश्रम भजनावली’ सिद्ध केली. विनोबांचे धाकटे बंधू बाळकोबा यांना गळ्याची देणगी होती. ते खरे यांच्याकडे शिकले आणि आश्रमाच्या प्रार्थनेत गाऊ लागले. १९२४ साली दिल्लीत गांधीजींनी हिंदू-मुस्लिम ऐक्यासाठी २१ दिवसांचा उपवास केला. तो सोडण्याच्या प्रसंगी विनोबांनी उपनिषदांचे पठण केले आणि बाळकोबांनी भजन म्हटले. एकाच आईच्या दोन मुलांनी तिच्या वारशाची वाटणी जणू अशी करून घेतली होती. बाळकोबांकडे स्वर गेला आणि विनोबांकडे शब्द.

जमनालाल बजाज यांच्या आग्रहावरून गांधीजींनी विनोबांना वर्ध्यास धाडले. ८ एप्रिल १९२१ रोजी ते वर्ध्यात आले आणि हा जिल्हा त्यांची कर्मभूमी झाला. सूत कातणे, विणणे, भंगीकाम, शेती आणि अध्यापन यांत त्यांचा दिवस जाई. अशा रगाड्यातच जानेवारी १९२३ मध्ये त्यांनी ‘महाराष्ट्र धर्म’ हे मासिक सुरू केले. झेंडा सत्याग्रहातील कारावासामुळे ते खंडित झाले आणि पुढे साप्ताहिक रूपाने निघू लागले. त्यात ते तुकारामांच्या अभंगांवर लहान लहान टिपणे लिहीत. तीच पुढे ‘संतांचा प्रसाद’ या नावाने पुस्तकरूपात आली. ही टिपणे आजही वाचनीय वाटतात, कारण त्यांत पांडित्याचा भार नाही. एखाद्या अभंगाने आपल्याला काय दिले, एवढेच तो जाणता वाचक सांगत जातो. पाठभेद, व्याकरण, व्युत्पत्ती यांची जाण त्याला आहे, परंतु ती पडद्याआड आहे. अभंग हा कीर्तनात रंग भरण्यासाठी नाही, तर दिवसभराच्या कामात सोबत करण्यासाठी आहे, ही दृष्टी तेथे प्रथम दिसली.

ती दृष्टी केवळ कागदावर राहिली नाही. १९२८ साली जमनालालजींनी वर्ध्यातील आपल्या घराण्याचे लक्ष्मीनारायण मंदिर अस्पृश्य मानल्या गेलेल्या बांधवांना खुले केले. त्या कार्यात विनोबा अग्रभागी होते. चोखोबांचे अभंग गाणाऱ्या समाजाने चोखोबांच्या वंशजांना दाराबाहेर उभे ठेवावे, हा विसंगतीचा सल विनोबांना आयुष्यभर टोचत राहिला. भजन एकाने गायचे आणि देव दुसऱ्याने कुलपात ठेवायचा, हे त्यांना मान्य नव्हते. १९३२ च्या अखेरीस ते वर्ध्याजवळील नालवाडी या हरिजनवस्तीच्या गावी राहावयास गेले आणि केवळ सूतकताईच्या मजुरीवर पोट भरण्याचा कठोर प्रयोग त्यांनी केला. चाती फिरत असे आणि मुखाने ज्ञानदेव-तुकारामांची वाणी चालू असे.

वर्ध्याच्या या काळातच त्यांच्या हातून त्यांचे सर्वांत लोकप्रिय पुस्तक झाले. आईला गीता कळावी म्हणून तरुण विनोबांनी एकदा वामन पंडितांची समश्लोकी आणून दिली होती. तीही आईला अवघड वाटली आणि तूच का सोपी करून देत नाहीस, अशा अर्थाचे ती मुलाला बोलून गेली. त्या गोष्टीला बरीच वर्षे लोटली. आई राहिली नव्हती. ७ ऑक्टोबर १९३० रोजी पहाटे विनोबांनी लेखणी उचलली आणि ६ फेब्रुवारी १९३१ रोजी ‘गीताई’ पूर्ण झाली. नावातच गीता आणि आई एकत्र आल्या. मूळ अनुष्टुभाची चाल न मोडता, ओवीइतके सोपे शब्द वापरून केलेली ही रचना वाचण्यापेक्षा म्हणण्यासाठी अधिक आहे. जात्यावर बसलेल्या बाईच्या तोंडी ती सहज बसावी, हा तिचा निकष होता. १९३२ साली ती प्रसिद्ध झाली तेव्हा विनोबा धुळ्याच्या तुरुंगात होते. तेथेच २१ फेब्रुवारी ते १९ जून या काळात त्यांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती भरभर उतरवून घेतली. पुढे ‘गीता प्रवचने’ अनेक भाषांत गेली आणि ‘गीताई’च्या लाखो प्रती महाराष्ट्राच्या घराघरांत पोहोचल्या. जिच्यासाठी ती लिहिली त्या एका श्रोतीच्या कानी मात्र ती कधीच पडली नाही.

३० एप्रिल १९३६ रोजी गांधीजी शेगावात, म्हणजे आजच्या सेवाग्रामात, राहावयास आले. त्यानंतर वर्धा जिल्हा साऱ्या देशाच्या प्रार्थनेचे ठिकाण बनला. पहाटेच्या अंधारात ईशावास्याचा मंत्र, सायंकाळी स्थितप्रज्ञाची लक्षणे आणि त्यांच्या जोडीला गुजराती, हिंदी, मराठी, बंगाली भजने असा क्रम तेथे असे. त्याच वर्षी राष्ट्रसंत तुकडोजी महाराज सेवाग्रामास येऊन सुमारे महिनाभर राहिले. खंजिरीच्या ठेक्यावर उसळणारे त्यांचे भजन आणि विनोबांचे संथ, एकसुरी पठण या दोन अगदी भिन्न वाटा होत्या. तुकडोजींचे गाणे गावाला जागे करणारे होते, तर विनोबांचे पठण माणसाला आत वळविणारे. पुढे भूदानाच्या कामात हे दोघे विदर्भात एकत्र आले, तेव्हा या दोन वाटा एकाच गावाला जातात हे लोकांना दिसले.

१७ ऑक्टोबर १९४० रोजी वैयक्तिक सत्याग्रहाचे पहिले सत्याग्रही म्हणून विनोबांनी पवनार येथे भाषण केले आणि त्यांचे नाव देशभर झाले. त्यानंतर नागपूर, वेल्लोर आणि सिवनी अशा तुरुंगांत त्यांचा बराच काळ गेला. वेल्लोरच्या तुरुंगात त्यांनी तमिळ, तेलुगू, कानडी आणि मल्याळम या चारही भाषांचा अभ्यास एकाच वेळी आरंभिला. लहानपणी आईच्या तोंडून ऐकलेली कानडी भजने आता प्रथमच त्यांच्या डोळ्यांपुढे अक्षररूपाने उभी राहिली असतील. तुरुंगाची सक्तीची विश्रांती त्यांनी संतवाङ्मयाच्या संपादनासाठीही वापरली.

ज्ञानदेव, नामदेव, एकनाथ, तुकाराम आणि रामदास या पाच संतांच्या भजनांचे त्यांनी केलेले संग्रह हे मराठी वाचकाला मिळालेले मोठे देणे आहे. एकेका संताच्या नावावर हजारो अभंग असतात. तुकोबांच्या गाथेतच साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत. सामान्य माणूस त्या अरण्यात शिरतो तो वाट चुकण्यासाठीच. विनोबांनी त्यांतून मोजके अभंग वेचले, विषयवार लावले आणि त्यांना क्रम दिला. ज्ञानदेवांच्या अभंगांवर त्यांनी ‘ज्ञानदेव चिंतनिका’ही लिहिली. ती अभंगांइतकीच आटोपशीर आहे. तेराव्या शतकातील ज्ञानदेव-नामदेव, सोळाव्यातील एकनाथ आणि सतराव्यातील तुकाराम-रामदास, असा चार शतकांचा पल्ला या संग्रहांत येतो. पाचही संत त्यांना सारखेच प्रिय होते, असे मात्र म्हणता येणार नाही. रामदासांनी त्यांना घर सोडावयास शिकविले, एकनाथांनी माणसांत राहून शांत कसे असावे हे दाखविले, तुकाराम त्यांच्या नित्याच्या बोलण्यात भिनले. ज्ञानदेव मात्र या सर्वांहून वेगळे. त्यांचे नाव निघताच विनोबांचा कंठ दाटून येई.

अशा निवडीला मर्यादाही असते. निवड करणारा हातात चाळण घेऊन बसतो आणि प्रत्येक चाळणीची भोके ठरावीक मापाची असतात. विनोबांची चाळण चित्तशुद्धीची होती. जे वचन साधकाला स्वतःच्या आत पाहावयास लावील, ते त्यांनी उचलले. संतांचे भांडण, त्यांचा उपहास, संसाराच्या तपशिलातील त्यांची मिस्किली यांना या चाळणीत तितकासा वाव नव्हता. म्हणून विनोबांच्या संग्रहावरून संपूर्ण तुकाराम किंवा संपूर्ण एकनाथ डोळ्यांपुढे उभे राहतीलच, असे नाही. ज्याला गाथेतील रोखठोक तुकोबा आणि भारुडांतील खेळकर नाथ हवे असतील, त्याने मूळ ग्रंथांकडेच जावे. परंतु वैयक्तिक आवड प्रामाणिकपणे मांडणाऱ्या संग्रहाचे जे मोल असते, ते या पुस्तकांना निश्चितपणे आहे. एका माणसाला चार शतकांतील कोणत्या गीतांनी जगविले, याचा तो लेखी पुरावा आहे.

स्वातंत्र्य आले आणि पाठोपाठ गांधीजी गेले. ८ मार्च १९५१ रोजी विनोबा हैदराबादजवळील शिवरामपल्लीच्या सर्वोदय संमेलनासाठी वर्ध्याहून पायी निघाले. परतीच्या वाटेवर नव्हे, तर तेलंगणातील अशांत गावांकडे त्यांची पावले वळली आणि १८ एप्रिल रोजी पोचमपल्लीत भूमिहीन हरिजनांसाठी शंभर एकरांचे पहिले दान मिळाले. पुढील तेरा वर्षे हा माणूस चालत होता. चाळीस लाखांहून अधिक एकर जमीन दानात मिळाली. त्यांतील पुष्कळशी नापीक निघाली, बरीचशी वाटली गेली नाही, हे भूदानाच्या इतिहासातील कटू सत्यही नमूद केलेच पाहिजे. परंतु पहाटे अंधारात कंदिलाच्या उजेडात निघणारी ती यात्रा म्हणजे चालती दिंडीच होती. ज्या प्रांतात जात, तेथील संतांची वाणी विनोबा शिकत आणि त्याच वाणीने तेथील लोकांशी बोलत. उत्तरेत तुलसीदास आणि कबीर, कर्नाटकात बसवेश्वर, तर आसामात शंकरदेव आणि माधवदेव त्यांच्या सोबतीला असत. १९६१ च्या मार्चमध्ये ते आसामात शिरले आणि सुमारे दीड वर्ष तेथे राहिले. माधवदेवांच्या हजार घोषांतून त्यांनी ‘नामघोषा सार’ काढले. तुलसीदासांच्या ‘विनयपत्रिके’तून ‘विनयांजलि’, गुरू नानकांच्या ‘जपुजी’वर विवरण, धम्मपदाची नवी मांडणी, ‘कुराण सार’ आणि ‘ख्रिस्त धर्म सार’ अशी ही निवड वाढतच गेली. महाराष्ट्राच्या पाच संतांसाठी वापरलेली रीत त्यांनी साऱ्या मानवजातीच्या धर्मवाणीला लावली.

या यात्रेत एक कठोर प्रसंग घडला. १९ सप्टेंबर १९५३ रोजी बिहारमधील देवघर येथे वैद्यनाथाच्या दर्शनासाठी हरिजनांसह गेले असता पंड्यांनी विनोबा आणि त्यांच्या सहकाऱ्यांवर हल्ला केला. विनोबांच्या कानावर आघात बसला आणि त्या कानाने त्यांना पुढे नीट ऐकू येईनासे झाले. मारणाऱ्यांना शिक्षा व्हावी अशी इच्छा त्यांनी धरली नाही. तथापि घटनेतील दारुण अर्थ नजरेआड करता येत नाही. ज्याचे सारे संचित श्रवणातून आले, ज्याने आईचे भजन, वेदाचे पठण आणि संतांची वाणी कानांत साठविली, त्याच्या कानावरच देवाच्या दारात प्रहार झाला. गाणे सर्वांचे आणि गाभारा मात्र काहींचा, या वृत्तीचा तो प्रहार होता.

त्याला उत्तर मिळाले ते पाच वर्षांनी आणि आपल्याच घरी. पंढरपूरच्या विठ्ठलाचे दार हरिजनांना उघडावे म्हणून १९४७ साली साने गुरुजींनी प्राण पणाला लावले होते. विनोबांचे म्हणणे आणखी पुढचे होते. ज्या मंदिरात आपल्या अन्य धर्मीय सहकाऱ्यांना मज्जाव आहे, तेथे आपणही जाणार नाही, असे त्यांनी ठरविले होते. ज्याचे अभंग जन्मभर गाइले त्या विठोबाच्या दर्शनावाचून परत फिरावयासही ते तयार होते. मे १९५८ मध्ये सर्वोदय संमेलनासाठी ते पंढरपुरास आले, तेव्हा मंदिराच्या चालकांनीच त्यांना सर्व सहकाऱ्यांसह येण्याचे निमंत्रण दिले. मुस्लिम आणि ख्रिस्ती सहकाऱ्यांसमवेत विनोबा विठ्ठलापुढे उभे राहिले. त्यांच्या डोळ्यांतून अश्रूंची धार लागली होती. बडोद्याच्या घरी देवापुढे बसणाऱ्या रखुमाईंच्या डोळ्यांतले पाणी अनेक वर्षांनंतर मुलाच्या डोळ्यांत उतरले होते.

पदयात्रेतच विनोबांनी आणखी एक बदल केला. सभेतील प्रार्थना ते हळूहळू मौन ठेवू लागले. प्रत्येक भजनाला एक भाषा असते, प्रत्येक मंत्राला एक धर्म चिकटलेला असतो. ज्याला ते परके वाटते तो मनाने बाहेर राहतो. मौनात मात्र सर्वांना जागा आहे, हा त्यामागचा विचार. इतकी गीते मुखोद्गत असणाऱ्याने ती बाजूला ठेवून गप्प बसणे, हा त्यागच होता. आश्रमातील पठण चालू राहिले, पण लोकसमुदायात त्यांनी आपली आवड इतरांवर लादली नाही.

१९५९ साली त्यांनी पवनारला स्त्रियांच्या साधनेसाठी ब्रह्मविद्या मंदिराची स्थापना केली. शास्त्राचा आणि मंत्राचा अधिकार स्त्रीला नाही, असे मानणाऱ्या परंपरेला हे उत्तर होते. आईला कळेल अशी गीता रचण्यापासून निघालेली वाट येथे पूर्ण झाली. आता वेद आणि उपनिषदे स्त्रियाच म्हणू लागल्या. एप्रिल १९६४ मध्ये पदयात्रा आटोपून विनोबा पवनारला परतले. २५ डिसेंबर १९७४ पासून त्यांनी वर्षभराचे मौन धरले. त्या वर्षातच आणीबाणी आली. त्या काळात अनुशासनासंबंधी त्यांनी लिहून दाखविलेल्या शब्दांचा सत्ताधाऱ्यांनी प्रचारासाठी वापर केला आणि जयप्रकाशांच्या मार्गाने गेलेले त्यांचे अनेक सहकारी दुखावले. आचार्यांच्या अनुशासनाचा आपला अर्थ त्यांनी नंतर स्पष्ट केला, पण तो डाग पुष्कळांच्या मनातून गेला नाही. शब्दांच्या इतक्या काटेकोर पारख्याला एका शब्दाने अशी किंमत मोजावयास लावली.

नोव्हेंबर १९८२ च्या आरंभी प्रकृती बिघडली. ८ नोव्हेंबरपासून त्यांनी अन्न, पाणी आणि औषध सोडले आणि १५ नोव्हेंबरला, ऐन दिवाळीत, पवनारला देह ठेवला. धाम नदीच्या काठीच त्यांचे अंत्यसंस्कार झाले. पुढील वर्षी त्यांना मरणोत्तर भारतरत्न देण्यात आले.

वर्ध्याच्या गोपुरी परिसरात गीताई मंदिर आहे. १९८० मध्ये ते खुले झाले. त्याला छप्पर नाही, भिंती नाहीत आणि मूर्तीही नाही. उभ्या शिळांवर ‘गीताई’चे श्लोक कोरलेले आहेत, एवढेच. तेथे कोणाला अडविणारे दारच नाही. शाळेच्या सहलीला आलेली मुले शिळांमधून धावतात आणि मध्येच थांबून एखादा श्लोक बोट ठेवून, अडखळत, मोठ्याने वाचतात. आईसाठी लिहिलेले पुस्तक असे उघड्यावर, कोणाच्याही कानावर पडेल असे उभे आहे. पवनारला आजही पहाटे ईशावास्याचे पठण होते, आणि ते स्त्रियांच्या आवाजात होते.